स्मार्ट सिटी म्हणजे नेमके काय?

पुण्या-हैदराबादला नोकरीसाठी गेलेली आपली मुले ‘स्मार्ट सिटी’ हा शब्द सहज वापरतात. बाजारहत्नूरला घरी राहिलेल्या मंडळींसाठी ही थोडक्यात माहिती.

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी मिशन सुरू केले आणि टप्प्याटप्प्याने १०० शहरे निवडली. तेलंगणातून वरंगळ व करीमनगर निवडले गेले; आदिलाबादचा नंबर लागला नाही. मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली.

या शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. चौकातले कॅमेरे, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, कचरागाड्यांवरचे जीपीएस यांची माहिती तिथे एका पडद्यावर येते. कोरोनाच्या काळात अनेक शहरांनी रुग्णांची आणि खाटांची माहिती याच कक्षांतून ठेवली. अर्थात यंत्र फक्त दाखवते. गळती दिसल्यावर पाना घेऊन माणूसच जावा लागतो.

सोलापूरचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. तेही मराठी-तेलुगू मिसळलेले शहर; तेलंगणातून गेलेल्या पद्मशाली विणकरांनी तिथला चादरीचा धंदा वाढवला. जानेवारी २०१६ च्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूर होते. रस्ते झाले, दिवे लागले. पण नळाला पाणी काही दिवसांआडच येत राहिले, कारण उजनी धरणापासूनच्या सुमारे ११० किलोमीटरच्या दुसऱ्या जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे रखडले. मुळात पाणीच कमी असेल तर पडद्यावर ते कमीच दिसणार.

उलट, नाव नसतानाही एखादी गोष्ट स्मार्ट असू शकते. मिशन भगीरथच्या पाइपलाइनसाठी चर खणताना त्यातच टी-फायबरच्या इंटरनेट केबलची सोय करायची, असे तेलंगणा सरकारने ठरवले. पाणी आणि इंटरनेट एकाच खोदकामात! मोठ्या शहरांत मात्र नवा डांबरी रस्ता महिनाभरात पुन्हा उकरलेला दिसतो.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे, ती भाषेची. मीसेवा केंद्रातले कामकाज प्रामुख्याने तेलुगू व इंग्रजीत चालते. ज्या आजी-आजोबांना फक्त देवनागरी वाचता येते, त्यांना दाखल्याचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, आणि त्यात काय लिहिले हे विश्वासावर मानावे लागते. अंगठा लावण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाने तो अर्ज मराठीत वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.