वाचणारा येणार, हे धरून

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप येतं आणि टाकळीच्या पुढे भीमा. या दोन नद्यांच्या बेचक्याचं टोक म्हणजे हत्तरसंग-कुडल. शहराजवळच्या नदीकाठी सहज चक्कर मारायला जाणं ही बागा-उद्यानांबरोबर आलेली नवी हौस आहे, असं आपण समजतो. कुडलचा पुरावा मात्र वेगळं सांगतो. इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८चा लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला आणि मराठीतला सर्वांत जुना म्हणून तो गाजला. (पहिलेपणाचा मान आक्षीच्या शिलालेखाला द्यावा असं म्हणणारेही आहेत. तो वाद इथे बाजूला ठेवू.) जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्या मराठी ओळीचा आशय. दानपत्राच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शाप असतो, इथे वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे. कुणीतरी येईल, थांबेल, मान वर करून पाहील, हे कोरणाऱ्याने धरलेलंच होतं. पुजाऱ्यासाठी असली ओळ कोरत नाहीत. ती येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असते. शिवाय गावाच्या नावातलं ‘कुडल’ कानडी, अर्थ संगमच. कानडी नावाच्या जागी मराठी ओळ, म्हणजे येणारे दोन्ही काठांचे होते.

यावर पहिला आक्षेप असा की ते भाविक होते, फिरायला आलेले नव्हते. पण ही विभागणी आपली, त्यांची नव्हे. संक्रांतीला संगमावर स्नानाला जाणारी माणसं बाजरीची भाकरी नि शेंगापोळी बरोबर बांधून नेतात आणि काठावर बसून खातात, यात पुण्य किती नि मोकळी हवा किती हे कुणी मोजत नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तर देवळाचीही गरज लागत नाही, सगळं घर आंबील आणि भज्जी घेऊन शेतात जेवायला जातं. सुट्टी नावाची गोष्ट पंचांगात होती, फक्त तिला दुसरं नाव होतं.

दुसरा आक्षेप जड आहे. जुना घाट सगळ्यांचा नव्हता. देवळाची पायरी आणि पाणवठा जातीने वाटलेले होते. सार्वजनिक बागेने निदान कागदावर तरी हा भेद मोडला, आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. मात्र बाग म्हणजे जुन्या नदीकाठाशी नातं तोडून आलेली वस्तू, हे खरं नाही. पुण्याची बंडगार्डन नावातच बंधारा घेऊन आली आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, पाणी अडलं, मग माणसं काठावर रेंगाळू लागली. कुडलला देऊळ, पुण्याला बंधारा. नदीवर जाण्याला आधी काहीतरी काम लागतं आणि फिरणं त्याच्या मागून येतं. कामाशिवाय नुसते बाक नि फरसबंदी केलेले काठ म्हणूनच ओस पडतात, असं मला वाटतं.

आता राहिला नदीचाच प्रश्न. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर खालची भीमा पावसाळा सोडला तर सोडलेल्या पाण्याची नदी झाली. सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून पाणी सुटतं, औज आणि चिंचपूरचे बंधारे भरतात, टाकळीहून ते उपसलं जातं. त्यामुळे एकाच जागी कधी भरलेलं पात्र दिसतं, कधी खडक आणि वेड्या बाभळी. दुसरीकडे सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने काठ कुठवर असतो हेही दाखवून दिलं. अशा काठावर कायमची पायवाट बांधायची तर ती कुठे? हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामाने याचं उत्तर दगडात दिलं होतं, पण त्यालाही काळाने गाठलंच: शेजारचं हरिहरेश्वर मंदिर ढिगाऱ्याखाली गेलं होतं. १९९९मध्ये तो ढिगारा उपसताना बहुमुखी शिवलिंग सापडलं, त्यावर ३५९ मुखं. आज कुडलला येणारे बहुतेक जण तेच पाहायला येतात, मुखं मोजायचा प्रयत्न करतात, मग संगमापर्यंत चालत जाऊन परततात. शेजारच्या मंदिरातली तुळई वर असल्याने पुष्कळांच्या नजरेतून सुटते.