शाळेच्या ग्रंथालयातील मेज

ज्युबिलीच्या पुस्तिकेत देवमंदिराचा इतिहास असावयाचाच. परंतु शाळेच्या ग्रंथालयातील साध्या मेजालाही इतिहास आहे, आणि आपल्या मुलाबाळांच्या हिताचा म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याची वाचकांनी आम्हांस मुभा द्यावी.

आमच्या बाळपणी शाळेचे ग्रंथालय म्हणजे काचेचे एक कपाट होते. किल्ली मास्तरांच्या खिशात असे व आम्ही बाहेरून पुस्तकांची नावे वाचीत असू. ज्यास वाचनाची गोडी आधीच लागली होती, त्याच्यासाठी ते कपाट क्वचित उघडत असे. वाचताना जो अडखळे, त्याचे तेथे काहीच काम नसे.

वास्तविक हे कुलूप बडोद्यात फार पूर्वीच निघाले होते. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलाविले. पुस्तके उघड्या फडताळांवर आली, पेट्यांत भरून खेडोपाडी जाऊ लागली, आणि मुलांसाठी पुस्तकांसमवेत चित्रे व बैठे खेळही ठेवण्यात आले. ग्रंथालयात हातांनाही काम असावे, हा विचार अशा रीतीने आपल्या बाजूस रुजला.

या विचारामागील शास्त्र त्याच काळात रोम शहरी आकार घेत होते. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, डॉ. मारिया माँटेसोरी यांनी गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळा असे. त्यात दहा भोके व दहा दट्ट्या. एक दट्ट्या चुकीच्या जागी गेला की शेवटचा बसत नाही. चूक दाखविण्यास बाई लागत नाहीत. ती ठोकळाच दाखवितो. वडिलधाऱ्यांनी साहित्य विचारपूर्वक मांडावे आणि मग बाजूस व्हावे, हेच यातील मर्म होय.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ साली तेथे गेल्या व ही पद्धती त्यांनी महाराष्ट्रात आणली. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, त्यांनी ती खेड्यातील मुलांपर्यंत नेली. महागडी विलायती साधने तेथे कोठून यावीत? शंख, शिंपले, खडे, बिया यांनीच काम भागविले. गरिबीची सबब त्या दिवशी संपली.

मग आपल्या कोयनानगरच्या बाजूस काय अडचण आहे? जाड पुठ्ठ्यावर कोयनेचा नकाशा काढावा व तुकडे करून ग्रंथालयाच्या मेजावर ठेवावे: महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड. तुकडा चुकला की नदीची रेघ तुटते. हेळवाकपाशी नदी पूर्वेस वळून कृष्णेस मिळावयास जाते, तर धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस जाऊन, वीज निर्माण करून, वाशिष्ठीत उतरते. हे कसे, असा प्रश्न मुलास पडला, की त्याचे पुस्तक जवळच उघडे असावे. शेजारी एक पेटी असावी; ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाविषयी घरच्या वडिलांनी सांगितलेली आठवण ज्यास लिहावीशी वाटेल, त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी. हजेरी नको, गुण नकोत, बक्षीसही नको.

खोऱ्यातील एका शाळेत आम्ही हा नकाशा ठेवून पाहिला. एक मुलगा पाटणचा तुकडा हाती घेऊन बराच वेळ विचार करीत होता. आम्हांस धीर निघाला नाही. आम्ही बोटाने जागा दाखविली. त्याने तुकडा निमूटपणे तेथे ठेवला आणि तो उठून गेला. नकाशा जुळला होता, पण त्याचा राहिला नव्हता. पुढील आठवड्यात तो पुन्हा आला, तेव्हा आम्ही हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभे राहिलो. त्याने दोनदा चुकून कऱ्हाडपर्यंत नदी जुळविली व नंतर आपण होऊन फडताळाकडे वळला.

आईबापांनो व शिक्षकहो, पुठ्ठा व कात्री आपणांजवळ आहे. कठीण आहे ते एवढेच, की बोट आवरावे. तेवढे आपणांस साधले, तर एकही मूल ग्रंथालयाच्या दारातून रिकाम्या हाती परतणार नाही.