पाहुणा आणि पहुना

छत्तीसगढीत पाहुण्याला 'पहुना' म्हणतात. मराठीतला पाहुणा आणि हा पहुना एकाच प्राकृत घरातले. रायपुरात राज्य शासनाचं जे अतिथिगृह आहे त्याचं नावही 'पहुना'च आहे. माझं बालपण याच शहरातल्या तात्यापाऱ्यात गेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर छत्तीसगढी बोलताना हा एक शब्द मला कधी बदलावा लागला नाही. पुढे इतिहासाची पुस्तकं वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं, की आमची मराठी पुस्तकं छत्तीसगडातल्या मराठ्यांबद्दल लिहिताना स्वारी, सुभा, वसुली हे शब्द वापरतात. पाहुणा हा शब्द त्यांत सापडत नाही. इथे आलेल्या माणसाला कुणी जेवू घातलं आणि त्याने त्याचे आभार मानले का, हे विचारावं असं तेव्हापासून वाटत आलं.

प्रवासी आभार कुठे मानतो, हे आधी पाहू. राजस्थानच्या वाळवंटातल्या एखाद्या विश्रामगृहात उतरलेला माणूस अभिप्रायाच्या वहीत भरभरून लिहितो. तिथे तांब्याभर पाण्याची किंमत डोळ्यांना दिसते. रायपूरची गोष्ट उलटी आहे. हा तळ्यांचा मुलूख. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, तेलीबांधा अशी नावं इथे पत्ते सांगताना येतात. पाणी समोर असलं की ते कुणी दिलं हे विचारायचं राहून जातं. पण ही तळी आपोआप झालेली नाहीत. इथला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि 'भाटा' म्हणतात त्या मुरमाड लाल जमिनीवर तो फार टिकत नाही. उन्हाळ्यात माणसाला, गुराला आणि वाटसरूला पाणी हवं असेल तर कुणीतरी माती खणून, डोक्यावरून वाहून बांध घालायलाच हवा. कित्येक तळ्यांशी लोक बंजाऱ्यांचं नाव जोडतात. समुद्राकाठचं मीठ ओडिशातून आत आणायचं आणि छत्तीसगडचं धान्य बाहेर न्यायचं, हा त्यांचा धंदा. हजारो बैलांच्या तांड्याला दर मुक्कामी पाणी लागे. त्यामुळे या आठवणीत तथ्य असावं असं वाटतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या वाटेने जाणाऱ्या दोन इंग्रजांची प्रवासवर्णनं उपलब्ध आहेत. डॅनियल लेकी १७९० मध्ये कटकहून नागपूरकडे जाताना इथे आला. रायपूर मोठं शहर आहे, व्यापारी आणि पैसेवाले पुष्कळ आहेत, किल्ल्याची भिंत खाली दगडाची आणि वर मातीची आहे, दरवाजे पाच आहेत, असं त्याने नोंदवलं. तळं छान आहे पण पाणी वाईट आहे, हेही लिहायला तो विसरला नाही. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, कॅप्टन ब्लंट चुनारहून दक्षिणेला निघाला होता. त्याने रायपुरात सुमारे तीन हजार झोपड्या मोजल्या. सुभ्यात पहिला मान रतनपूरचा असला तरी वस्ती आणि व्यापार पाहता रायपूरच पुढे आहे, असं त्याने ठरवलं.

दोघांनी घरं मोजली, दरवाजे मोजले, पाण्याची चव पाहिली. त्यांच्या सोबतच्या शिपायांना आणि जनावरांना त्या रात्री धान्य आणि वैरण कुठून आली असेल, याचं उत्तर त्या काळच्या एका शब्दात आहे: रसद. सरकारी माणूस किंवा सरकारी परवान्याचा प्रवासी गावात उतरला की गावाच्या मुख्याने, म्हणजे इथल्या गौंटियाने, शिधा, वैरण, सरपण आणि ओझ्याला माणसं द्यायची. कधी त्याचा मोबदला मिळे, पुष्कळदा मिळत नसे. आपल्याकडे याच्या एका अंगाला वेठ म्हणत, इथे बेगार म्हणत. बाहेरून पाहिलं तर हे आदरातिथ्यच दिसतं: चूल पेटलेली, ताट वाढलेलं, यजमान हात जोडून उभा. पण त्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. ब्लंट पुढे दक्षिणेच्या जंगलात शिरला तेव्हा मात्र तिथल्या रहिवाशांनी त्याची वाट अडवली आणि त्याच्या तुकडीला झुंजावं लागलं. वाट शोधत, मोजणी करत येणारा पाहुणा नकाशा घेऊन परत जातो, हे त्यांनी ओळखलं असावं.

या हिशेबात आम्ही मराठे कुठे बसतो? १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर जाता जाता रतनपुरात आला आणि हैहयवंशी राजाने शरणागती पत्करली. फौज आली ती न बोलावलेल्या पाहुण्यासारखी, आणि मुक्काम वाढतच गेला. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहिले. त्यांच्याबरोबर दरबारात मराठी आली, मोडी आली. दसऱ्याला सोनं वाटायची चाल इथे त्यांनी रुजवली, असं स्थानिक इतिहासात सांगतात. बिंबाजी निदान इथे राहिले. त्यांच्यानंतर सुभेदारांचा काळ आला आणि नागपूरला किती रक्कम पोचते यावर कारभाराची किंमत ठरू लागली. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आली आणि कर्नल ॲग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्यच खालसा झालं. या सगळ्या फेरबदलांत गौंटियाच्या अंगणातली रसद थांबली नाही. घेणारे हात तेवढे बदलले. विसाव्या शतकात छत्तीसगडात राजकीय चळवळ उभी राहिली तेव्हाही बेगार आणि रसद हे गाऱ्हाण्याचे विषय होतेच.

मग खरं आदरातिथ्य इथे नव्हतं का? होतं, आणि ते त्याच वाटेवर होतं. नागपूरकडून जगन्नाथपुरीला जाणारे यात्रेकरू रायपुरावरून जात. त्यांच्यापाशी परवाना नव्हता आणि शिपाईही नव्हते. पुरीची यात्रा राजिमच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही, अशी इथली श्रद्धा आहे. या श्रद्धेने किती अनोळखी माणसांना महानदीकाठच्या गावांत मुक्काम मिळवून दिला असेल! रायपुरातल्या दूधाधारी मठाचं नाव केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून पडलं. स्वतः अन्न न घेणाऱ्या माणसाच्या नावाच्या मठात इतरांच्या जेवणाची सोय व्हावी, यात मला फार अर्थ वाटतो. आणि साध्या घरांतली रीत तर आजही दिसते. दारात पाहुणा आला की आधी लोटाभर पाणी पुढे येतं. कोण, कुठचा, कशासाठी, हे प्रश्न त्यानंतर. रसदीत आधी हुकूम दाखवला जाई. इथे आधी पाणी दिलं जातं.

१८५४ नंतर रायपुरातल्या मराठी माणसांची स्थिती बदलली. राज्य गेलं, माणसं राहिली. कुणी कारकून झालं, कुणी शिक्षक, कुणी वकील. आता मागायला हुकूम नव्हता. शेजाऱ्याने दिलं तर घ्यायचं आणि आपल्याकडचं द्यायचं. मला वाटतं, आमचे पूर्वज खऱ्या अर्थाने पाहुणे झाले ते तेव्हापासून.

अशा माणसांचं हे शहर होतं. १८७७ मध्ये कलकत्त्याचे विश्वनाथ दत्त इथे कुटुंबासह राहायला आले. रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा प्रवास बैलगाडीने, जंगलातून. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला. बूढापाऱ्यातल्या भूतनाथ दे यांच्या घरी हे कुटुंब राहिलं, असं रायपूरकर सांगतात. त्याच वर्षी जन्मलेले भूतनाथांचे पुत्र हरिनाथ दे अनेक भाषांचे पंडित झाले आणि कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल. नंतर १८८० च्या दशकात लोहमार्ग इथवर आला. पंधरवड्याचा प्रवास दिवसावर आला, मुक्काम कमी झाले आणि वाटसरूला गावाची गरज उरली नाही. त्याला आता स्टेशनाजवळची धर्मशाळा पुरे. १९३५ पासून चालणारं इथलं महाराष्ट्र मंडळ हेही या नव्या काळाचंच अपत्य. परगावी आलेल्या मराठी माणसाला तिथे ओळखीचे चार शब्द ऐकू येतात.

आभार मानण्याची सगळ्यात चांगली मराठी रीत मला माधवराव सप्रे यांच्यात दिसते. जन्म १८७१ चा, घर मराठी, कर्मभूमी छत्तीसगड. रामराव चिंचोलकरांच्या साथीने त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक होते. तिन्ही नावं मराठी, मासिक हिंदी, आणि मथळ्यात ज्या मुलखाने आसरा दिला त्याचा मित्र म्हणून उल्लेख. पुढे सप्र्यांनी 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. घरातून आणलेली उत्तम वस्तू त्यांनी यजमानाच्या हाती ठेवली, ती त्याच्या भाषेत.

याच मासिकात १९०१ मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. एका जमीनदाराला आपला वाडा वाढवायचा असतो म्हणून तो शेजारच्या गरीब विधवेची झोपडी ताब्यात घेतो. म्हातारी एकदा येऊन नातीच्या चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलवत नाही, मग साऱ्या झोपडीच्या मातीचं ओझं जन्मभर कसं वाहाल, असं ती विचारते. जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो.

रसदीचा दोनशे वर्षांचा इतिहास या छोट्या कथेत मावतो असं मला वाटतं. सप्रे इथल्याच मातीत २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात वारले. छत्तीसगडातल्या मराठ्यांचा इतिहास पुन्हा लिहायचा झाला तर सुभेदारांच्या यादीशेजारी एक रकाना ठेवावा: ते ज्या रात्री जिथे उतरले, तिथे पाणी कुणी भरलं आणि धान्य कुणाच्या कणगीतून आलं. बरीच नावं आता मिळणार नाहीत. गावांची नावं मात्र प्रवासवर्णनांत, मुक्कामांच्या यादीत, एकाखाली एक लिहिलेली आहेत. आभार तिथून सुरू करता येतील.