लढाईच्या मोटारी आणि लिलावाचा हातोडा

युद्ध संपलें म्हणजे सैनिक आपापल्या गांवीं परततात, तहाचे कागद दप्तरांत जातात, आणि इतिहासकाराचें लक्ष पुढील प्रकरणाकडे वळतें. परंतु ज्या वस्तूंच्या बळावर युद्ध लढलें गेलें, त्यांचें पुढें काय होतें? तरवार म्यानांत राहूं शकते. हजारों मोटारी कोणत्या म्यानांत ठेवावयाच्या? प्राचीन रोमन लोकांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधून ठेविलें होतें. रणांत सांपडलेला माल ते जमिनींत रोंवलेल्या भाल्याजवळ विकीत. त्यामुळें त्यांच्या भाषेंत लिलावास 'भाल्याखालची विक्री' असेंच नांव पडलें. मराठीनें 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांपासून घेतला. भाला जाऊन त्याच्या जागीं लांकडी हातोडा आला. व्यवहार मात्र तोच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानें हा व्यवहार हिंदुस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर आणला. डिसेंबर 1941 मध्यें जपान युद्धांत उतरलें, 1942 मध्यें ब्रह्मदेश पडला, आणि हा देश पूर्व आघाडीचें कोठार बनला. अमेरिका व कॅनडा येथें तयार झालेल्या मोटारींचे सुटे भाग जहाजांनीं येत आणि मुंबईंतील फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांत त्यांची जुळणी होई. 1939 मध्यें सुमारें 2 लाख असलेलें हिंदी सैन्य 1945 पर्यंत 25 लाखांच्या घरांत गेलें. ज्यांच्या हातांत आजवर बैलांचा कासरा होता, अशा असंख्य तरुणांस लष्करानें मोटार हांकावयास शिकविलें.

अहमदनगर हें या घडामोडीच्या ऐन मध्यावर होतें. 12 ऑगस्ट 1803 रोजीं जनरल वेलस्लीनें येथील भुईकोट किल्ला घेतला, तेव्हांपासून शहराचा इंग्रजी लष्कराशीं संबंध जडला. 1942 नंतर त्याच किल्ल्यांत पंडित नेहरू व त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते, आणि बाहेर छावणींत रणगाड्यांवरील शिपायांचें शिक्षण चालू होतें. सामान्य नागरिकाची स्थिति मात्र निराळी होती. 1941 मध्यें पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. कित्येक प्रवासी मोटारी कोळशापासून निघणाऱ्या गॅसवर चालूं लागल्या. नव्या मोटारी मिळेनात, जुन्यांचे टायर झिजले. दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्यांतून जात असला, तरी त्यापासून दूरच्या गांवांस बैलगाडीवांचून गति नव्हती.

ऑगस्ट 1945 मध्यें जपाननें शरणागति पत्करली, आणि जें कालपर्यंत अपुरें होतें, तें एकाएकीं फाजील ठरलें. शिल्लक माल विकण्याचें काम सरकारच्या 'डिस्पोझल्स' खात्याकडे आलें. मे 1946 मध्यें अमेरिकेशीं करार होऊन लेंड-लीजचा हिशेब मिटला व अमेरिकन सैन्याचा येथील शिल्लक मालही हिंदुस्थान सरकारच्या पदरीं पडला.

या विक्रीचे नियम गिऱ्हाइकाची परीक्षा पाहणारे होते. माल 'जेथें आहे तेथें, जसा आहे तसा' विकला जाई. मोटार चालते कीं नाहीं, याची हमी विकणारा देत नसे. ती वाहून नेण्याचा भारही घेणाऱ्यावरच. 1930 च्या माल-विक्रीच्या कायद्याप्रमाणें हातोडा पडेपर्यंत बोली मागें घेतां येते; पडल्यावर सौदा पुरा होतो. इसारा भरून उरलेली रक्कम न दिल्यास इसारा बुडण्याचें भय असे. हें भय पोकळ नव्हतें. नोव्हेंबर 1946 मध्यें बंगालमधील पानागड येथील विमानांच्या मोडीचा 10 लाख रुपयांचा सौदा एका गिरणी कंपनीनें केला व 2 लाख 50 हजार रुपये आगाऊ भरले. बाकी रक्कम तिनें दिली नाहीं. तो वाद पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि इसारा जप्त करण्याचा विकणाऱ्याचा हक्क तेथें कायम झाला.

मोटार हातीं आली, तरी घोर संपत नसे. लष्करी ट्रकचीं पुढचीं व मागचीं सर्वच चाकें इंजिनाच्या जोरानें फिरत. चिखलांत हा गुण, पण सडकेवर पेट्रोल अधिक जाळणारा अवगुण. सुटे भाग बाजारांत मिळत नसल्यास एक मोटार चालविण्यासाठीं दुसरी मोडावी लागे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरे. शिवाय 1939 च्या मोटार कायद्यानें भाड्यानें वाहतूक करण्यास परवाना आवश्यक केला होता. लष्करांतून परतलेल्या ड्रायव्हरपाशीं कसब होतें. परंतु इसाऱ्याची रक्कम आणि परवाना या दोन गोष्टी त्याला कोणत्याही लिलावांत मिळत नव्हत्या. ज्यानें ती मोटार रणांगणावर हांकली, त्याच्यापेक्षां ज्याच्या गांठीं पैसा होता, त्याचाच पल्ला अधिक लांब गेला. सार्वजनिक पैशानें घेतलेल्या मालाची उत्तम किंमत मिळविणें हें सरकारचें कर्तव्य खरें. पण तो माल कोणाच्या हातीं जावा, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. हातोड्याला पहिला प्रश्न तेवढा कळतो.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नगर जिल्ह्यानें इतर मार्गांनीं शोधलें. 1 जून 1948 रोजीं मुंबई सरकारच्या राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणें-नगर या सुमारें 75 मैलांच्या रस्त्यावर धांवली. प्रारंभींच्या गाड्या बेडफर्ड जातीच्या, लांकडी सांगाड्याच्या व काथ्याच्या गाद्यांच्या होत्या. प्रवासी वाहतूक केवळ नफ्यावर सोंपवावयाची नाहीं, हा निर्णय त्यांच्या मागें होता. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामांत गाळप सुरू झालें. तोडलेला ऊस वाळण्यापूर्वीं कारखान्यांत पोंचला पाहिजे. म्हणून वाहतुकीची सोय हा कारखान्याचा अर्धा प्राण होय. एकट्यादुकट्याला जें भांडवल जमत नव्हतें, तें शेतकऱ्यांनीं भाग गोळा करून उभें केलें.

नगरचें लष्कराशीं असलेलें नातें मात्र तुटलें नाहीं. 1948 मध्यें चिलखती दलाचें केंद्र येथें स्थिर झालें, आणि 1994 मध्यें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. 2024 मध्यें जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. सरकारी मोडीचा लिलाव आतां संगणकाच्या पडद्यावर होतो. हातोड्याचा आवाज कोणास ऐकूं येत नाहीं. लष्कराच्या मोटारीस नागरी जीवनांत येतांना आपला हिरवा रंग टाकावा लागतो, कारण 1989 च्या नियमांनीं तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेविला आहे. रंग बदलणें सोपें असतें. मोटारीबरोबर तिच्या ड्रायव्हरचीही सोय लावणें कठीण. आणि युद्धोत्तर काळाच्या राज्यकारभाराची पारख करतांना याच कसोटीकडे प्रथम पाहावें लागतें.