गुन्ह्याची कथा आणि मृतांचा इतिहास

खऱ्या गुन्ह्यांची हकीकत पॉडकास्ट या श्राव्य माध्यमातून क्रमशः सांगण्याची प्रथा २०१४ साली अमेरिकेत ‘सीरियल’ ही मालिका निघाल्यापासून विशेष बळावली. बाल्टिमोर येथील एका विद्यार्थिनीचा १९९९ साली झालेला खून हा तिचा विषय होता. २०२२ मध्ये या प्रकरणाच्या सुनावणीत मृत मुलीच्या भावाने न्यायालयास सांगितले की, आपल्या दृष्टीने हे पॉडकास्ट नव्हे, प्रत्यक्ष आयुष्य आहे. मृतांविषयीचा आदर हा केवळ सौजन्याचा भाग होय, असे सामान्यतः मानले जाते. परंतु तो साधनचिकित्सेचाही भाग आहे, हे एका जुन्या प्रकरणावरून दाखविता येते.

लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात व त्याच्या लगत ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या अवधीत पाच स्त्रियांच्या हत्या झाल्या. त्या एकाच इसमाने केल्या असे मानले जाते. तो इसम कधीच सापडला नाही. ‘जॅक द रिपर’ हे त्याचे नाव एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून रूढ झाले, आणि ते पत्र कोणा वार्ताहरानेच रचले असावे, असे काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे मत होते. म्हणजे ज्या नावाभोवती एवढे वाङ्मय उभे राहिले, ते नावच वृत्तव्यवसायाची निर्मिती असण्याचा संभव आहे.

याउलट मेरी ॲन निकल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज व मेरी जेन केली यांची चरित्रे ‘वेश्या’ या एकाच शब्दात गुंडाळली गेली. पाचांपैकी तिघींच्या मृत्यूच्या चौकशीचे अधिकृत कागद आज उपलब्ध नाहीत. तेथे वृत्तपत्रांतील परस्परविसंगत वृत्तांतांवरच भिस्त ठेवावी लागते. हॅली रुबेनहोल्ड यांनी ‘द फाइव्ह’ (२०१९) या ग्रंथात या स्त्रियांची आयुष्ये इतर दप्तरांच्या आधारे नव्याने मांडली. निदान तिघींच्या बाबतीत त्या शब्दास विश्वसनीय पुरावा नाही. दारिद्र्य, मद्यपान, मोडलेले संसार आणि बेघरपणा यांचाच पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काही अभ्यासकांनी तो अमान्य केला आहे. तथापि या स्त्रियांची स्वतंत्र चौकशी आरंभिल्यावरच हा वाद संभवनीय झाला, हे विसरता येत नाही.

याच लेखिकेने २०२१ मध्ये हाच विषय पॉडकास्टद्वारे मांडला. तेव्हा दोष माध्यमाचा नव्हे. खुनी हा कथानायक ठरला की साधनांची निवडही त्याच्या अनुरोधाने होते, आणि मृत व्यक्तीविषयीची ऐकीव विधाने तपासल्यावाचून पुढे चालत राहतात. अलीकडच्या प्रकरणांत तर आप्त हयात असतात. ते साक्षीदारही असतात आणि आपल्या लेखनाचे परिणाम भोगणारेही. म्हणून अशा विषयावर लिहिणाऱ्या अभ्यासकाने मृत व्यक्तीविषयीचे प्रत्येक विशेषण प्रथम कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर वापरले, हे पाहिल्यावाचून ते स्वीकारू नये.