पॅनिक : एका गुराखी देवाचं देणं

‘घाबरू नकोस’ आणि ‘पॅनिक होऊ नकोस’ यांतला फरक मराठी माणसाला नेमका कळतो. वाटेत साप आडवा गेला की माणूस घाबरतो. पॅनिक व्हायला समोर काही असावंच लागत नाही.

या इंग्रजी शब्दाचं कूळ दक्षिण ग्रीसमधल्या आर्केडिया या डोंगराळ मुलखातलं. तिथल्या मेंढपाळांचा देव पॅन : कमरेखाली बोकड, वर माणूस, डोक्याला शिंगं. भर दुपारी तो झोपतो, म्हणून त्या वेळी पावा वाजवायचा नाही, अशी समजूत होती. शांत चरणारा कळप एकाएकी उधळला आणि कारण सापडलं नाही, तर ती करणी पॅनची. त्यावरून अशी भीती ‘पॅनिकॉन’, अशी रूढ उकल आहे. मला तर ‘घबराट’पेक्षा आपलं ‘बुजणं’च तिच्या अधिक जवळचं वाटतं. बैल बुजतो तेव्हा त्यालाही कारण सांगता येत नाही.

माणसांचा कळपही असाच बुजतो. युद्धशास्त्रावर लिहिणारा ईनियास इ.स.पू. चौथ्या शतकातच छावणीतल्या अशा गोंधळांवर उपाय सांगतो, आणि हा शब्द मुख्यतः आर्केडियाचा असल्याचंही नोंदवतो. इ.स.पू. 401 मध्ये बॅबिलोनच्या प्रदेशात ग्रीक भाडोत्री सैन्यात रात्री असाच हलकल्लोळ माजला. सेनापती क्लिअर्कसने दवंडी पिटवली : शस्त्रांमध्ये गाढव कोणी सोडलं हे सांगणाऱ्याला एक टॅलेंट चांदी! सैन्य शांत झालं. बिनचेहऱ्याच्या भीतीला त्याने गाढवाचा चेहरा दिला. मला हा प्रसंग फार आवडतो.

फ्रेंचमधून हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत रुळला, तो आधी विशेषण म्हणून. पुढे ‘भीती’ गळाली, नुसतं ‘पॅनिक’ उरलं. मग तो बाजारात शिरला. 1873 आणि 1907 ची आर्थिक संकटं अमेरिकेत याच नावाने ओळखली जातात. 1980 साली तिथल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली.

काही भाषाभ्यासक पॅनचं नातं ऋग्वेदातल्या पूषन् देवाशी जोडतात. सर्वांना ते मान्य नाही. पण पूषन्‌च्या रथालाही बोकडच जुंपलेले असतात, आणि त्याच्याकडे मागणं असतं ते हरवलेली गुरं परत आणण्याचं.