६ डिसेंबर २०१८: वर्डप्रेसचा एडिटर बदलला तो दिवस

६ डिसेंबर २०१८. आपल्याकडे महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवरची गर्दी, गावोगावच्या अभिवादन सभा, फोटोंचा पाऊस. तालुक्याच्या पोर्टलवाल्यांना त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमक्या त्याच तारखेला तिकडे अमेरिकेतून वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती बाहेर पडली. नंतरच्या दिवसांत ज्यांनी ‘अपडेट’ दाबलं, किंवा ज्यांच्या होस्टिंगवाल्याने ते परस्पर दाबलं, त्यांच्यासमोरची बातमी लिहायची ओळखीची चौकट गायब झाली होती.

मित्रहो, पोस्ट लांब आहे. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो फक्त कॉम्प्युटरचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट चालवायचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर. त्या वेळी जगातल्या जवळजवळ एक तृतीयांश वेबसाइट त्याच्यावर चालत होत्या. आपल्या जिल्ह्या-तालुक्यातली न्यूज पोर्टलं, कॉलेजांच्या साइट, पतसंस्था, दिवाळी अंक, कितीतरी त्याच्यावरच.

त्याचा जन्मही एका अडचणीतूनच झाला. २००३ साली ह्यूस्टनमधला १९ वर्षांचा विद्यार्थी मॅट मलेनवेग बी-टू नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरत होता. ते बनवणारा फ्रेंच माणूस मिशेल वाल्द्रिगी मध्येच दिसेनासा झाला, काम थांबलं. मलेनवेगने जाहीर लिहिलं की परवाना खुला आहे, हेच उचलून पुढे नेता येईल. इंग्लंडमधल्या माइक लिटलने दुसऱ्याच दिवशी कळवलं, मीही येतो. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती आली. मूळ मालक गायब झाला तरी वापरणारे उघड्यावर पडले नाहीत, ते या परवान्यामुळे. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

डिसेंबर २००५ मध्ये आवृत्ती २.० बरोबर ती चौकट आली. वर बटणांची पट्टी: ठळक, तिरपं, लिंक. खाली कोरी जागा. वर्डमध्ये टाइप करता येणारा कुणीही दहा मिनिटांत शिकायचा. नंतरची १३ वर्षं तिच्यावर जग चाललं.

‘लोकांना बदल नकोच असतो’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. मला ते आळशी वाटतं. २००८ सालीच बघा. मार्चमध्ये २.५ आली, पूर्ण डॅशबोर्ड नवा. डिसेंबरमध्ये २.७ आली, पुन्हा डॅशबोर्ड नवा, मेनू वरून उचलून डाव्या बाजूला. नऊ महिन्यांत दोनदा घराची मांडणी फिरवली. कुरकुर झाली आणि लोक रुळले. कारण लिहायची जागा तीच राहिली होती. दिवाणखाना बदलला तरी चूल जागेवर होती.

२०१८ ला चूलच हलवली.

हलवायची गरज होती का? होती. बातमीत दोन रकाने किंवा चौकट हवी असेल तर जुन्या एडिटरमध्ये चौकटी कंसातले संकेत लिहावे लागत, नाहीतर विकतचं प्लगइन घ्यावं लागे. लिहिताना दिसतं एक आणि छापल्यावर निघतं भलतंच, हे रोजचं. तोवर विक्स, स्क्वेअरस्पेस, मीडियम ही मंडळी डोळ्यांना सुखद एडिटर घेऊन पुढे गेली होती. डिसेंबर २०१६ मध्ये मलेनवेगने एडिटरचं काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं, आणि जून २०१७ मध्ये चाचणीसाठी प्लगइन आलं. नाव ठेवलं गुटेनबर्ग.

नाव मोठं होतं. माइन्झच्या त्या कारागिराने पंधराव्या शतकात सुटे खिळे ओतले आणि युरोपातली छपाई बदलून टाकली. नव्या एडिटरची कल्पनाही तशीच: सगळं सुट्या ‘ब्लॉक’मध्ये. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक, मथळा एक ब्लॉक. उचला, वर-खाली करा, जुळवा. आमच्या धंद्यातल्या जुन्या कंपोझिटरला हे कदाचित पटकन कळलं असतं!

पण बातमीदाराला? आपल्याकडे बातमी येते व्हॉट्सॲपवर. आठ परिच्छेद कॉपी केले आणि नव्या एडिटरमध्ये टाकले की त्याचे आठ ब्लॉक. मधलं एखादं वाक्य वरच्या परिच्छेदात न्यायचं म्हटलं की जुन्या सवयीचा हात अडतो. बटणांची पट्टी वर ठरलेल्या जागी नाही, ज्या ब्लॉकवर जाल त्याच्या डोक्यावर उगवते. जुनी बातमी उघडली तर ती सगळी ‘क्लासिक’ नावाच्या एकाच ब्लॉकमध्ये येऊन बसलेली. मजकुराच्या पोटातही ब्लॉक कुठे सुरू, कुठे बंद याच्या न दिसणाऱ्या खुणा साठवल्या जाऊ लागल्या. म्हणजे बदल नुसता रंगरंगोटीचा नव्हता, साठवणच बदलली होती.

विरोध बराच झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये ४.९.८ आवृत्तीने प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर ‘गुटेनबर्ग वापरून बघा’ अशी पाटी लावली. त्या प्लगइनला लोकांनी दिलेले तारे पाचपैकी दोनच्या आसपास रेंगाळत राहिले. काहींनी चूल वेगळी मांडली: त्याच ऑगस्टमध्ये क्लासिकप्रेस नावाची फुटून निघालेली आवृत्ती सुरू झाली. २००३ ला मलेनवेगने जो हक्क वापरला, तोच आता त्याच्या विरोधात वापरला गेला.

माझा आक्षेप कल्पनेला नाही, तारखेला आहे. आधी १९ नोव्हेंबर ठरली, मग २७ नोव्हेंबर, मग तीही हुकली. योस्ट कंपनीच्या योस्त द वाल्कसारख्या वर्डप्रेसमधल्याच वजनदार माणसाने सांगितलं की जानेवारीपर्यंत थांबा. डिसेंबर म्हणजे तिकडे नाताळच्या खरेदीचा हंगाम, दुकानदारांच्या साइटना हात लावायची वेळ नव्हे. तरी जेमतेम दोन-तीन दिवस आधी जाहीर करून ६ डिसेंबरला आवृत्ती सोडली. ७ डिसेंबरपासून नॅशव्हिलमध्ये वर्डप्रेसचं वार्षिक संमेलन होतं. आपल्याकडे निवडणुकीआधी अर्धवट पुलाचं उद्घाटन होतं ना, मला त्याचीच आठवण होते.

या घाईची झळ सगळ्यांत जास्त कुणाला लागली? स्क्रीन रीडरवर ऐकून काम करणाऱ्या अंध लोकांना, आणि माउस न वापरता फक्त कीबोर्डवर काम करणाऱ्यांना. जुनी चौकट त्यांना वापरता येत होती. नव्यात एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जाताना आपण कुठे आहोत हेच कळेना. वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाचं नेतृत्व करणाऱ्या रियान रिटवेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये पद सोडलं. नवा एडिटर ज्या तंत्रावर लिहिला जात होता ते येणारी माणसं त्या गटाकडे पुरेशी नव्हती आणि गटाचं म्हणणं वेळेत ऐकलंही जात नव्हतं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. शेवटी विद्यापीठांत वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या डब्ल्यूपीकॅम्पस या गटाने वर्गणी जमवून ती तपासणी करून घेतली. अहवाल आला मे २०१९ मध्ये, एडिटर सगळीकडे पोचल्यावर पाच महिन्यांनी.

याच्या शेजारी विकिपीडियाचं उदाहरण ठेवून बघा. १ जुलै २०१३ ला इंग्रजी विकिपीडियावर नवा व्हिज्युअल एडिटर लॉग-इन केलेल्या सगळ्यांसाठी चालू करण्यात आला. चुका निघाल्या, संपादक चिडले, चर्चा झाल्या, कौल घेतले गेले. २४ सप्टेंबरला तिथल्याच एका स्वयंसेवक प्रचालकाने साइटचा कोड बदलून तो एडिटर ‘ज्याला हवा त्याने चालू करावा’ असा करून टाकला. विकिमीडिया फाउंडेशनने ते मान्य केलं. एडिटर मेला नाही. सावकाश सुधारला, आज मराठी विकिपीडियावरही जुन्या पद्धतीच्या बरोबरीने आहे. तिथे वापरणाऱ्यांच्या हातात ब्रेक होता. वर्डप्रेसमध्ये परवाना सगळ्यांचा असला तरी तारीख ठरवणारा एकच होता. सोडून जायचा हक्क आणि विचारलं जाण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी वर्डप्रेसने एक शहाणपण केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. जुनी चौकट परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ हे अधिकृत प्लगइन फुकट दिलं. दोन क्लिक आणि चूल जागेवर. सेतू केंद्रातला ऑपरेटर, ऑनलाइन हजेरी भरणारे मास्तर, मोबाइलवर माहिती चढवणारी आशाताई, यांच्यासमोरचा पडदा रातोरात बदलतो तेव्हा ‘जुनंच द्या’ असं बटण कधी असतं का? प्रशिक्षणाचं पत्र मागून येतं, तोवर रांगेतल्या माणसाने परत जायचं.

क्लासिक एडिटरला पाठबळ २०२१ अखेरपर्यंत, असं तेव्हा जाहीर झालं होतं. मुदत संपत आली तेव्हा ती २०२२ पर्यंत वाढवली. नंतर आणखी वाढवली, आणि ‘गरज असेल तोवर’ हे शब्द अजून तिथे आहेत. ५० लाखांहून जास्त साइटवर ते प्लगइन चालू आहे. आमच्याकडे नवी पोरं ब्लॉकमध्ये झरझर पानं लावतात, आणि ज्येष्ठ सहकारी जुन्याच चौकटीत बातमी टाइप करतात. एकाच साइटवर दोन्ही चालतं. प्लगइनच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे, प्रत्येकाला आपापला एडिटर निवडू द्या म्हणून. ज्यांनी अजून बघितली नसेल त्यांनी बघून घ्या.